दुधाला पर्याय : मगनवाडीतील सोयाबीन, वनस्पती तूप आणि विदर्भाचा स्वयंपाक

प्रस्तावना

आहाराच्या इतिहासाकडे मराठीतील इतिहासलेखनाने फारसे गांभीर्याने पाहिलेले नाही. राजवटी, सनदा, मोहिमा, चळवळी यांचा तपशील विपुल आहे. परंतु त्या त्या काळी सामान्य माणसाच्या ताटात काय पडत होते आणि काय पडत नव्हते, याचा विचार बहुधा पाककृतींच्या पुस्तकांवर सोपविला जातो. दूध, दही, लोणी व तूप यांच्याविषयी तर एक समज इतका दृढ आहे की त्याची तपासणी करण्याची गरजच कोणाला वाटत नाही. भारतीय स्वयंपाक म्हणजे दूधदुभत्याचा स्वयंपाक, आणि त्यांना वनस्पतिजन्य पर्याय शोधणे हा अलीकडच्या शहरी, परदेशातून आलेल्या 'व्हीगन' विचाराचा परिणाम, असा तो समज होय. पाश्चात्त्य देशांत हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रचारात आणला, हे खरे. परंतु दुधाला वनस्पतिजन्य पर्याय मिळेल काय, हा प्रश्न त्याच्या नऊ वर्षे आधी कोराडी-नागपूरपासून जेमतेम दोन तासांच्या अंतरावर असलेल्या वर्ध्यात, एका सामुदायिक स्वयंपाकघरात, प्रत्यक्ष ताटात वाढून तपासला जात होता. त्याच दशकात मुंबईच्या शिवडी भागात तुपाचा पर्याय डब्यांत भरून बाजारात येऊ लागला होता. या दोन पर्यायांपैकी एक जवळजवळ विस्मृतीत गेला, तर दुसरा घराघरांत शिरला. असे का घडले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

दुधावाचून चालणारा स्वयंपाक

पर्यायाचा विचार करण्यापूर्वी मूळ वस्तू कोणाकडे होती, हे पाहणे आवश्यक ठरते. वर्धा, नागपूर आणि लगतच्या मध्य प्रदेशातील जिल्ह्यांत आढळणारी गवळाऊ ही गाय मुख्यत्वे चपळ बैलांसाठी प्रसिद्ध आहे. भरपूर दुधासाठी तिची ख्याती नाही. कापसाच्या काळ्या जमिनीत बैल हेच शेतकऱ्याचे भांडवल असल्याने गोवंशाची निवडही त्याच दृष्टीने होत गेली. दूध होते, नंदगवळी समाजाचा त्यावर उदरनिर्वाहही होता. परंतु ते खेड्यातील प्रत्येक घरी रोज पोहोचेल इतके कधीच नव्हते. सणावाराच्या पुरणपोळीवर तुपाची धार धरणारा वऱ्हाडी यजमान हे चित्र खोटे नाही. मात्र ते सणाचे चित्र आहे, रोजचे नव्हे. आणि सर्वांच्या घरचे तर नव्हेच नव्हे.

रोजच्या स्वयंपाकाची स्निग्धता गळिताच्या धान्यांतून येत असे. जवस, तीळ, करडई आणि पुढे भुईमूग यांनी विदर्भाच्या चुलीवर जी जागा घेतली, ती अन्यत्र लोण्या-तुपाने घेतलेली दिसते. ज्वारीच्या भाकरीबरोबर जवसाची चटणी आणि तीवर कच्चे तेल, हे शेतमजुराचे पूर्ण जेवण होते. वडाभात आणि गोळाभात या नागपुरी पदार्थांत भातावर तुपाऐवजी हिंग-मिरचीची तेलाची फोडणी ओतण्याची पद्धत आहे, आणि ती गरिबीची तडजोड मानली जात नाही. तीच त्या पदार्थाची खरी चव होय. नागपुरातील हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून पुढे आलेला सावजी रस्सा पारंपरिकरीत्या जवसाच्या तेलात होतो. त्याला दाटपणा येतो तो सुके खोबरे, खसखस आणि भाजलेल्या मसाल्यांच्या वाटणामुळे. दही वा साय यांचा तेथे संबंध नाही. पातोडी रस्सा तर बेसनावरच उभा आहे. आंबटपणासाठी ताकाची वाट न पाहता चिंच, कैरी, अंबाडी यांचा उपयोग करणे हेही याच परंपरेतले. कोकणात जे काम ओल्या नारळाचे दूध करते, ते येथे वाटणातल्या तेलबिया करतात, असे म्हणावयास हरकत नाही.

उपवासाचे उदाहरण आणखी बोलके आहे. कोराडीच्या जगदंबेच्या नवरात्रात असो किंवा एकादशीला असो, विदर्भातील बहुतेक घरी भगरीबरोबर शेंगदाण्याची आमटी होते. भिजवलेले वा भाजलेले दाणे बारीक वाटून पाण्यात उकळले की जो पांढुरका, दाट द्रव तयार होतो, तो रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाण्यात विखुरलेले तेल आणि प्रथिने यांचे मिश्रण आहे. आज महागड्या खोक्यांतून विकल्या जाणाऱ्या वनस्पतिजन्य 'दुधां'ची रचना यापेक्षा मूलतः वेगळी नाही. येथे एक गंमत नोंदविण्यासारखी आहे. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला, मिरची व बटाटा तेथलेच, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही तिकडचाच. धर्मशास्त्राच्या कोणत्याही जुन्या ग्रंथाला ठाऊक नसलेले हे जिन्नस काही पिढ्यांतच उपवासाला चालू लागले. तेव्हा परकेपणामुळे एखादे अन्न मराठी स्वयंपाकघरात शिरत नाही, हे स्पष्टीकरण फारसे टिकत नाही. पुढे सोयाबीनच्या संदर्भात हा मुद्दा पुन्हा उपस्थित होईल.

दूधदुभत्याचा अभाव मात्र सर्वत्र निसर्गाने वा पिकांच्या निवडीने ठरलेला नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि १९३६ मध्ये स्वतः प्रसिद्ध केलेल्या भाषणात जयपूर संस्थानातील चकवारा गावची घटना नमूद केली आहे. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य गृहस्थाने आपल्या जातबांधवांना जेवण दिले, त्यात तुपाचे पदार्थ होते. एवढ्या कारणासाठी सवर्णांनी लाठ्या घेऊन जेवणाऱ्यांवर हल्ला केला. तूप हे पोषणाचे द्रव्य असण्याआधी प्रतिष्ठेचे चिन्ह होते आणि त्या चिन्हावर मालकी सांगितली जात होती, हे या घटनेतून उघड होते. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीवरील शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात ज्या पदार्थांची नोंद आहे, त्यांत तूप, दूध आणि पुष्कळदा तेलसुद्धा नाही. अर्थात हा स्वयंपाक शाकाहारी नाही. त्याला 'व्हीगन' म्हणणे विपर्यास ठरेल. परंतु दुधावाचून चव साधण्याचे कौशल्य ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासले, त्यांच्यापुढे 'पर्याय' हा शब्दच अपुरा पडतो. ज्याच्याकडे मूळ वस्तू कधी नव्हती, त्याने पर्याय कशाचा शोधावा?

एका व्रताचा प्रवास

जे दूध घेऊ शकत होते त्यांनी ते नाकारण्याचा विचार निराळ्या वाटेने आला. गांधीजींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर हर्मन कॅलनबाख यांच्यासमवेत दूध सोडले. ब्रह्मचर्याचा विचार त्यामागे होताच; परंतु कलकत्त्याहून आलेल्या साहित्यात गाईम्हशींचे अधिकाधिक दूध काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 'फुंका' या क्रूर प्रकाराचे वर्णन होते आणि त्याचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला, असे त्यांनी आत्मकथेत सांगितले आहे. म्हणजे प्राण्यांच्या यातना हे आजच्या व्हीगन विचाराच्या केंद्रस्थानी असलेले कारण तेथे स्पष्टपणे उपस्थित आहे.

१९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरत असताना त्यांचा आहार मुख्यतः शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबू यांचा होता. हा पहिला पर्याय त्यांना मानवला नाही. आमांशाने ते इतके खंगले की मरणाच्या दारी पोहोचल्याची भावना झाली. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईत डॉ. दलाल यांनी शस्त्रक्रिया केली आणि दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही, असे बजावले. व्रत आड येत होते. त्या वेळी कस्तुरबांनी काढलेला तोडगा प्रसिद्ध आहे. व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती. मग शेळीच्या दुधाला हरकत काय? गांधीजींनी ते मानले, मात्र व्रताचे शब्द पाळले गेले आणि आत्मा हरवला ही बोच त्यांनी कधी लपविली नाही. वर्ध्याच्या आणि सेवाग्रामच्या छायाचित्रांतून दिसणाऱ्या शेळीकडे साधेपणाचे प्रतीक म्हणून पाहण्याची सवय आहे. वस्तुतः ती एका न सुटलेल्या प्रश्नाची खूण होती.

हा प्रश्न त्यांनी उघडपणे वाचकांसमोर ठेवला. दुधाइतकाच पोषक व पचण्यास तितकाच हलका वनस्पतिजन्य पदार्थ कोणाला अनुभवाने ठाऊक असेल तर त्याने तो कळवावा, अशा आशयाचे आवाहन आत्मकथेत आहे. नोव्हेंबर १९३१ मध्ये लंडनच्या शाकाहारी मंडळापुढे शाकाहाराच्या नैतिक पायाविषयी ते बोलले. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकातही दुधाचा प्रश्न अनिर्णितच राहिला आहे. तीस वर्षे एकच प्रश्न जिवंत ठेवणे ही स्वभावातील हट्टाची बाब म्हणता येईल. परंतु त्या हट्टातून वर्ध्यात जे घडले ते अधिक महत्त्वाचे आहे.

मगनवाडीचे स्वयंपाकघर

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी आपली बाग व इमारत संघास दिली आणि मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ तिला मगनवाडी हे नाव पडले. श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष व जे. सी. कुमारप्पा चिटणीस झाले. एप्रिल १९३६ अखेर शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहावयास जाईपर्यंत गांधीजींचा मुक्काम प्रामुख्याने येथेच होता. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, गूळ, घाणीचे तेल, चिंच, कडुनिंबाचा पाला, अशा साध्या जिन्नसांच्या पोषणमूल्यांचा येथे विचार होत होता. विचार म्हणजे केवळ चर्चा नव्हे, तर मंडळींना ते प्रत्यक्ष वाढणे.

१९३५ च्या उत्तरार्धात या स्वयंपाकघरात सोयाबीन आले आणि त्याविषयी 'हरिजन'मध्ये लेखन सुरू झाले. ही प्रेरणा बरीचशी बडोद्याकडून आली होती, हे मराठी वाचकाने विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. सयाजीराव गायकवाड यांच्या राज्यात सोयाबीनच्या लागवडीला आणि आहारातील उपयोगाला उत्तेजन दिले जात होते. बडोदा राज्याचे अन्नपाहणी अधिकारी एफ. एस. काळे यांनी सोयाबीनवर लिहिलेला विस्तृत इंग्रजी ग्रंथ १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. लागवडीपासून पाककृतींपर्यंत सारा विषय त्यात आला आहे. विनोबांचे वडील नरहर भावे हेही बडोद्यात राहून स्वतःवर सोयाबीनच्या आहाराचे प्रयोग करीत होते आणि तो अनुभव त्यांनी गांधीजींना कळविला. आहारशास्त्र, संस्थानी सुधारणा आणि आश्रमीय तपस्या यांची अशी गाठ अन्यत्र क्वचितच पडली असेल.

सोयाबीनचे आकर्षण समजण्याजोगे होते. त्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्क्यांच्या आसपास तेल असते. हरभरा, तूर वा मूग यांपैकी कोणतीही डाळ त्याच्या जवळपास जात नाही. दूध आणि तूप या दोहोंचा खर्च ज्यांना परवडत नाही, अशांना प्रथिने व स्निग्धता एकाच दाण्यातून मिळाली तर काय हवे, हा विचार त्यामागे होता. चीनमध्ये शतकानुशतके सोयाबीनपासून दूध व त्यापासून पनीरासारखा पदार्थ केला जात असल्याचे ज्ञात होते. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की मगनवाडीचा प्रश्न प्राणिदयेपुरता मर्यादित नव्हता. खेड्यातील माणसाच्या ताटात आज जे नाही ते त्याला स्वस्तात कसे मिळेल, हा ग्रामोद्योग संघाचा प्रश्न होता. व्रत व्यक्तीचे होते, पण पर्याय समाजासाठी शोधला जात होता.

तरीही सोयाबीन रुजले नाही. त्याची कारणे विचारसरणीत शोधण्यापेक्षा चुलीपाशी शोधणे योग्य होईल. सोयाबीन तुरीसारखे भरडून डाळ करून शिजविण्याची घरगुती रीत नव्हती. ते रात्रभर भिजवावे लागते, साल काढावे लागते आणि दीर्घकाळ शिजवावे लागते. कारण कच्च्या दाण्यातील काही घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात व ते उष्णतेनेच निष्क्रिय होतात. सरपण गोळा करणाऱ्या आणि जात्यावर दळणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने हा हिशेब सरळ तोट्याचा होता. शिवाय दाणा ओला करून वाटला की त्यातील विकरामुळे जो कच्चट, उग्र वास सुटतो तो मराठी जिभेला रुचणारा नव्हता. शेंगदाणा भाजला की झाला. त्याचा कूट कोणत्याही भाजीत पडतो. शेंगदाणा स्वयंपाकात शिरला तो स्वयंपाक करणारीचे श्रम न वाढविता. सोयाबीनने मात्र तिच्याकडून तास दोन तास अधिक मागितले, आणि आहारसुधारकांच्या लेखनात हा तास सहसा कोणी मोजलेला दिसत नाही.

दुसरे कारण ग्रामोद्योगाच्या रचनेतच होते. मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी बैलघाणीत सुधारणा केल्या व 'वर्धा घाणी' देशभर ओळखली जाऊ लागली. भुईमूग वा तीळ यांच्यात निम्म्याच्या आसपास तेल असल्याने ते लाकडी घाणीत निघते. सोयाबीनमधील अल्प तेल घाणीत किफायतशीरपणे निघत नाही. त्यासाठी द्रावक वापरून तेल वेगळे करणारा मोठा कारखाना लागतो. म्हणजे मगनवाडीने ज्या दाण्यावर आशा ठेवली, तोच दाणा मगनवाडीच्या यंत्राला दाद देत नव्हता.

याच वर्ध्यात उलट दिशेचाही एक प्रवाह जोमात होता, आणि त्याची नोंद न घेणे अन्यायाचे ठरेल. १९४१ मध्ये जमनालाल बजाज यांनी गोसेवा संघाचे कार्य अंगावर घेतले. सदस्यांनी केवळ गाईचेच दूध-तूप वापरावे, असा तेथील आग्रह होता. फेब्रुवारी १९४२ मध्ये जमनालालजींचे निधन झाले, तरी ते काम थांबले नाही. वर्ध्याचे गोरस भांडार आणि तेथील तुपातला गोरसपाक आजही प्रवाशांच्या पिशवीत जातो. एकाच गावात एक मंडळी दुधाला पर्याय शोधत होती आणि दुसरी दुधाचा प्रसार करीत होती. पुष्कळदा ती माणसे तीच होती. गाईची सेवा करावयाची तर तिचे दूध विकले गेले पाहिजे, हे अर्थशास्त्र नाकारता येत नव्हते. इतिहासाने कौल दिला तो गोरसपाकाच्या बाजूने.

शिवडीचा डबा

वनस्पती तुपाचा इतिहास अगदी वेगळ्या मार्गाने जातो. निकेलच्या सान्निध्यात द्रव तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करण्याची पद्धत पॉल साबातिए यांच्या संशोधनावर आधारलेली होती. विल्हेल्म नॉर्मन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिचे एकस्व घेतले. पहिल्या महायुद्धानंतर असे घट्ट तेल हॉलंडमधून भारतात येऊ लागले. १९३१ मध्ये हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची नोंदणी झाली आणि १९३२ मध्ये शिवडी येथे उत्पादन सुरू झाले. १९३७ पासून 'डालडा' हे नाव घेऊन आलेला खजुराच्या झाडाचा डबा पुढे इतका परिचित झाला की ते एका कंपनीचे नाव आहे याचाच विसर पडला. लाडू, जिलेबी, शेव, लग्नाच्या पंगतीतील पुऱ्या यांत जेथे तूप परवडत नव्हते तेथे हा पदार्थ आला. त्याने स्त्रीकडे अधिक श्रम मागितले नाहीत, नवी कृती मागितली नाही. तो तुपासारखा दिसे, तुपासारखा गोठे आणि तळणीत तुपासारखा वागे. त्याचे यश आणि त्याचा दोष या एकाच गोष्टीत होता.

विदर्भाचा या उद्योगाशी संबंध केवळ ग्राहकाचा नव्हता. वऱ्हाडातील जिनिंग कारखान्यांतून निघणारी सरकी पूर्वी मुख्यतः जनावरांना घातली जाई. ती आता तेलगिरण्यांकडे वळली आणि जनावरांसाठी ढेप उरली. पूर्वी जी सरकी म्हशीच्या पोटातून जाऊन तूप होत असे, ती आता यंत्रातून जाऊन वनस्पती तूप होऊ लागली. शेगाव येथे उभा राहिलेला कारखाना 'बेरार स्वदेशी वनस्पती' असे नाव धारण करीत होता. नगरपालिकेच्या कराच्या वादावरून तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६२ च्या विधि-अहवालात त्याचे नाव कायमचे नोंदले गेले. 'स्वदेशी' आणि 'वनस्पती' हे दोन शब्द एकत्र येणे त्या काळच्या मनःस्थितीवर प्रकाश टाकते. स्वदेशीचा आग्रह जेथून देशभर पोहोचला, त्या वर्ध्यातील मंडळींना मात्र हा पदार्थ मुळीच मान्य नव्हता.

गांधीजींचा विरोध वनस्पतिजन्यतेला नव्हता, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. त्यांचा आक्षेप सोंगाला होता. तेल खावयाचे तर ताजे घाणीचे तेल खावे. त्याला तुपाचे रूप देऊन तुपात मिसळून विकणे ही फसवणूक होय, हा त्यामागील विचार. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये पंडित ठाकुरदास भार्गव यांनी वनस्पती तुपावर बंदी घालण्यासाठी संसदेत विधेयक आणले. ते संमत झाले नाही. मग निदान त्याला रंग द्यावा, म्हणजे भेसळ ओळखता येईल, अशी मागणी झाली. रतनजोतीसह अनेक रंगांचा विचार झाला, पण टिकाऊ, निरुपद्रवी आणि सहज न काढता येणारा रंग हाती लागला नाही. अखेर उपाय सापडला तो तिळात. वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचे तेल घालणे बंधनकारक करण्यात आले. तिळाच्या तेलातील विशिष्ट घटकामुळे हायड्रोक्लोरिक आम्ल व फरफ्युरॉल यांच्याशी तांबडा रंग उमटतो. या बाउदोइन चाचणीने साजूक तुपातील भेसळ उघडी पडते. संक्रांतीच्या तिळाला सरकारी साक्षीदार होण्याचा मान असा मिळाला.

आहारशास्त्राचा निवाडा उशिरा आला. तेलाचे अर्धवट घनीकरण करताना निर्माण होणारी ट्रान्स मेदाम्ले हृदयविकाराला कारणीभूत होतात, हे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात निर्विवाद झाले. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने त्यांची मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरवीत आणली आणि जानेवारी २०२२ पासून ती २ टक्क्यांवर आली. तुपाच्या नैतिक कैवाऱ्यांना यामुळे आपण प्रारंभापासून बरोबर होतो असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु १९३० किंवा १९५० मध्ये हे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. योग्य निष्कर्ष निराळ्या कारणासाठी काढला गेला होता, एवढेच म्हणता येईल. तसेच मगनवाडीलाही एक गोष्ट ठाऊक असणे शक्य नव्हते. जीवनसत्त्व ब-१२ हे १९४८ मध्ये प्रथम शुद्ध रूपात वेगळे केले गेले. ते वनस्पतिजन्य आहारातून पुरेसे मिळत नाही. दूध सोडणाऱ्यांच्या पोषणातील ही उणीव आज गोळीने किंवा ते मिसळलेल्या अन्नाने भरून काढता येते. १९३५ च्या प्रयोगकर्त्याजवळ दुधाकडे परतण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

शेतात आले, ताटात नाही

स्वातंत्र्योत्तर काळात पर्यायाचा विचार प्रयोगशाळांकडे गेला. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शेंगदाण्यातील प्रथिने वेगळी काढून ती दुधात मिसळून 'मिल्टोन' हे पेय तयार केले. ते दुधाला पर्याय नव्हते, तर दूध पुरवून वापरण्याची युक्ती होती. पुढे १९७० पासून दूध महापूर योजनेने देशातील दुधाचे चित्रच पालटले, आणि टंचाईतून जन्मलेला हा शोध मागे पडला.

सोयाबीनचे नशीब अधिक विलक्षण ठरले. १९८० नंतर, विशेषतः १९९४ मध्ये जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने जेएस ३३५ हे वाण प्रसारित केल्यावर, विदर्भात कापूस व ज्वारीच्या जागी सोयाबीनचा पेरा झपाट्याने वाढला. आज महाराष्ट्र हे मध्य प्रदेशाच्या बरोबरीने देशातील प्रमुख सोयाबीन उत्पादक राज्य आहे. वर्धा जिल्ह्यात, मगनवाडीच्या अवतीभवती, दर खरिपात ज्या दाण्याची पेरणी होते तो तोच दाणा आहे. मात्र तो घरी येत नाही. काढणी झाली की पोती बाजार समितीत जातात; तेल कारखान्यात निघते आणि प्रथिनांनी भरलेली पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यासाठी देशात व परदेशात रवाना होते. शेतकऱ्याच्या घरी त्यातून परत येते ती तेलाची पिशवी आणि क्वचित सोयावडीचे पाकीट. ज्या अन्नाने खेड्यातील गरिबाची प्रथिनांची भूक भागेल अशी अपेक्षा होती, त्याचा भाव शिकागोच्या बाजारावर हलू लागला. ज्वारीचा पेरा घटला तशी कडबाही घटला आणि जनावरांच्या वैरणीचा प्रश्न उभा राहिला. दुधाला पर्याय म्हणून पुढे आलेल्या पिकाने दुधाचीच अडचण वाढविली, हे या इतिहासातील सर्वांत अनपेक्षित वळण म्हणावे लागेल.

'दूध' या शब्दाचा वाद

सप्टेंबर २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वनस्पतिजन्य पेयांच्या वेष्टनावर 'दूध' असा उल्लेख करण्यास मनाई करणारे निर्देश दिले; २०२२ मध्ये व्हीगन अन्नाविषयीचे स्वतंत्र विनियमही आले. दूध म्हणजे दुभत्या जनावराचा स्राव, ही त्यातील व्याख्या ग्राहकाची फसवणूक टाळण्यासाठी आहे. डालडाचा इतिहास लक्षात घेता ही काळजी अनाठायी म्हणता येत नाही. नारळाच्या दुधासारख्या रूढ नावांना मात्र सवलत मिळते. या सवलतीमागे भाषेचा जो अनुभव आहे तो मराठीला परका नाही. मराठीत नारळाचे दूध आहे. रुईच्या चिकालाही दूध म्हणतात. ज्वारीचे कणीस हुरड्यापूर्वी दुधावर येते, आणि त्या वेळी दाणा चिमटीत दाबला तर खरोखरच पांढरे दूध निघते. 'तूप' या शब्दाने मात्र निराळी वाट धरली. साजूक हे विशेषण पूर्वी ताजेपणा सांगण्यासाठी पुरे होते. डब्यातील तुपाच्या आगमनानंतर त्याच्यावर अस्सलपणाची जबाबदारी येऊन पडली, आणि 'डालडा' हा शब्द बोलीत नकलीपणाचा पर्याय झाला. शेंगदाण्याच्या आमटीला कोणी दूध म्हटले नाही आणि तूपही म्हटले नाही. तिच्याविषयी कोणते विधेयकही कधी संसदेत आले नाही. ती एकादशीला भगरीवर पडत राहिली आहे.